फाटकाला घातलेलं तेल

दि. ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कॅमेऱ्याची तिपाई पंपाच्या जुन्या पाइपांची, माइकवरचं वाऱ्याचं आवरण तुझ्या लोकरी टोपीचं, कॅमेरा सरकवायचा गाडा बाळगाडीच्या चाकांचा. सगळं मी माझ्या हातांनी केलंय. फिल्मही मीच जोडली. कुठे शिकायला गेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना मी सांगतोच.

सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. सात मिनिटं दहा सेकंद. बाबांची दगडखाण, तिथून घरी उतरणारी पायवाट, शेवटी आपलं फाटक. माणूस नाही, शब्द नाही, संगीत नाही. बाबा दिसणार नाहीत, पण घरी आलेले कळले पाहिजेत, एवढाच माझा हट्ट. वीस तारखेला वाचनालयाच्या सभागृहात दाखवायची आहे. चूक दिसली तर कळव. दिसणार नाही.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा

दि. ८ मार्च

चि. मिस्तरीस, अनेक आशीर्वाद.

तीनदा पाहिली. खाणीतला वारा ऐकून तुझे भावोजी उठून खिडकी लावून आले. पायवाटेवरची खडी वाजली आणि मी नकळत चहाचं आधण ठेवायला निघाले.

पण बाबा आलेच नाहीत रे. फाटक उघडलं, वाजलं कुठे? आपलं फाटक आधी जाड आवाजात कण्हायचं, मग बारीक किंचाळायचं. खरं सांग, बिजागरीला तेल घातलंस ना?

तुझी ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस, सा. न.

घातलं. गंजकी बिजागरी दिसली की माझा हात राहत नाही. आता ती रॉकेलने धुतली, मिठाचं पाणी मारलं, वाळू भरली. फाटक गुपचूप. माझं काम पक्कं असतं, हीच पंचाईत. माझ्या गॅरेजमधली दारं वाजवून पाहिली, ती नुसती दारंच वाटतात. फिल्म मागे घेत असल्याचं पत्र लिहून ठेवलंय.

तुझा धाकटा

दि. १५ मार्च

चि. मिस्तरीस, आशीर्वाद.

ते पत्र फाड. आणि आता सांगते त्यावर चिडू नकोस. लहानपणी तू अभ्यास टाकून रेडिओ खोलून बसायचास, आणि फाटक वाजलं की हातातला पेचकस लपवून धावत पुस्तकापाशी यायचास. बाबा रोज सहाला यायचे. मग चारला कोण यायचं? मी. स्वयंपाकघरातून, तोंडाने. आई भिंतीकडे वळून हसायची.

काल पुन्हा करून पाहिलं. पलीकडच्या खोलीतून भावोजी म्हणाले, त्या दाराला कुणीतरी तेल घाला. अठराला सकाळी येते, संध्याकाळच्या गाडीने परत. माइक तयार ठेव.

तुझी ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझे चार प्रयत्न झाले, त्यातला तिसरा घेतला. काल सभागृहात फाटक वाजलं आणि पहिल्या रांगेतले बाबांचे जुने मुकादम मान वळवून दाराकडे बघू लागले. माझंही तेच झालं. हातात काही नव्हतं, तरी लपवलं. तू मला इतकी वर्षं फसवलंस, त्यावर रागवायचं राहून गेलं.

नंतर तेलाच्या कंपनीचा एक माणूस भेटला. जाहिरातीसाठी तुझा आवाज हवा म्हणाला. आधी फाटक कुरकुरणार, मग त्यांचं तेल, मग कायमची शांतता. मी त्याला सांगितलं, ती माझी बहीण आहे, तिला गप्प करायचं काम मी घेत नाही. भावोजींना यातलं काही बोलू नकोस, ते वर आणखी भर घालतील.

लोभ कुरकुरत का होईना, चालू ठेव.

तुझा धाकटा

ता. क. साठ हजार देत होता.