एक हात मोकळा ठेव

रॉकहॅम्प्टन,
४ नोव्हेंबर २०१३

चि. क्लाइव्हस,
अ. उ. आशीर्वाद.

परसातल्या पोहण्याच्या तलावाचं कुंपण तपासनिसाने आज दुसऱ्यांदा नापास केलं. उंची ठीक आहे, पण फाटक बोटभर उघडं सोडलं तर आपलं आपण लागत नाही. शिवाय तुझ्या मेव्हण्याचा, बॅरीचा, बाक कुंपणाला खेटून आहे, आणि पोराला चढता येईल असं काही नव्वद सेंटीमीटरच्या आत चालत नाही. म्हणाला, आजी, दोन वर्षांचं पोर म्हणजे माकड समजा. मी म्हटलं, बाबा रे, हे मला नको शिकवूस.

जनीनने फोनवर एकदाच सांगितलं, दाखला मिळाल्याशिवाय नाताळला टिलीला आणणार नाही. तिचा धाकटा भाऊ रॉस याच पाण्यात गेला, लेकीला मी काय बोलणार? पण नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही रे मी. बाक हलवायला दोन माणसं लागतात आणि मी अर्धीच उरले आहे. येशील का? की यंदाही कंबर? वीस वर्षं नेमकी नाताळलाच धरते तुझी.

आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला ये.
तुझी ताई,
ग्लेनिस

टूवूम्बा,
११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

कंबर ठणठणीत आहे. खोटं बोलत आलो. त्या नाताळला फाटकात बर्फाची पेटी अडकवली ती बॅरीने नव्हे, मी. दोन्ही हातांत तलावाकाठच्या जेवणासाठी कोळंबीची ताटं, दर खेपेला कडी उचलायचा कंटाळा आला. रॉस तिथूनच आत गेला. बॅरीने पोलिसांना सांगितलं की पेटी त्याची, आणि मी गप्प बसलो. बॅरी वारला तेव्हाही गप्पच. आता थकलो, ताई. तो तलाव बुजवून टाक आणि मला बोलवू नकोस.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
क्लाइव्ह

रॉकहॅम्प्टन,
१९ नोव्हेंबर

चि. क्लाइव्हस,
आशीर्वाद.

मला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला पेटी लावताना पाहिलं होतं. ती तशीच राहू दिली, कारण मागून केक घेऊन मलाही यायचं होतं. हे मी बॅरीलासुद्धा सांगितलं नाही. तो मरेपर्यंत संध्याकाळी त्या बाकावर बसून पाण्याकडे बघायचा, आणि मी आत भांडी घासत राहायचे. तुझ्यावर चिडून पाहिलं रे, पण ते खिडकीपर्यंतच पोचायचं.

शेजारच्या डगने बिजागऱ्या बदलल्या. आता फाटक कसंही सोडा, खट्‌कन लागतं. दिवसातून दहादा उघडून ऐकते. बाक तेवढा राहिला आहे. तपासनीस दोन तारखेला येतो, तू आदल्या दिवशीच ये आणि नाताळपर्यंत राहा.

कोळंबी आण. पण खेपेला एकच ताट, फाटकासाठी एक हात मोकळा ठेव.

तुझी ताई,
ग्लेनिस