पाण्यावरची सवत

१२ मार्च

श्री. बॉयलरसाहेबांस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. चार पानं, त्यातली साडेतीन तिच्यावर! ती कशी डौलात वळली, तिने शत्रूच्या पाणबुडीवर थेट नाक कसं घातलं, वाकल्या नाकाने मालवाहू बोटींचा सगळा तांडा बंदरात कसा आणला. उरलेल्या अर्ध्या पानात, मी कशी आहे. मी बरी आहे! शिवणकारखान्यात खलाशांच्या विजारी शिवते आणि एक डोळा टपालवाल्यावर ठेवते.

सासूबाई तर शेजारणींना आमची बोट, आमची बोट करून सांगत सुटल्या आहेत, जशी काही थोरली सून तीच. माझा जळफळाट होतो. लपवत नाही.

गोदीच्या कारखान्यात जागा निघाल्याचं गोदीजवळ राहणाऱ्या तुमच्या ताईंनी कळवलंय. अर्ज करा आणि जमिनीवर या.

तिच्यावरचा थोडा काढून इकडेही लोभ असू द्यावा.

तुमची धाकटी

२ एप्रिल

सौ. शिवणमास्तरीणबाईंस सप्रेम आशीर्वाद.

मागच्या खेपेत पाण्यातला सुरुंग लागला. मागचा भाग फाटला, पण ऐट बघ तिची, रखडत का होईना, तांड्याबरोबर बंदरात आली! आता गोदीत दुरुस्ती चालू आहे. आम्हा सगळ्यांना रजा दिली होती. पण वाफेचे नवे नळ बसवताना घरचं कुणी हवं, म्हणून मी राहिलो. कारखान्याच्या जागेला नाही म्हणून कळवलं. रागावू नकोस.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच

२० एप्रिल

श्री. बॉयलरसाहेबांस,

घरचं कुणी! रजा मिळाली आणि तुम्ही तिच्या उशाशी बसलात? इथे मी तापाने फणफणले होते, तेव्हा पाणी द्यायला म्हाताऱ्या सासूबाई उठत होत्या. असं काय आहे हो त्या पत्र्याच्या डब्यात?

ती किंवा मी, एक काय ते ठरवा. तोवर पत्र नको. लोभ असावा असंही लिहीत नाही, तिकडून काही उरेल असं वाटत नाही.

४ मे

प्रिय,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय. ताई तिकडे येतेय, पत्र तिच्या हाती देतोय, आईपुढे वाचू नकोस.

खाली बॉयलरच्या खोलीत आमचा एक रिवाज आहे. घरी भीती कळवायची नाही. अपशकुन मानतात, लिहिणाऱ्याशी बाकीचे बोलत नाहीत. मग पानं भरायची कशाने? बोटीच्या कौतुकाने. सगळे तेच करतात.

पाणबुडीवर नाक घातलं तेव्हा मी खाली होतो. खालून काही दिसत नाही. टोला बसला, दिवे गेले. आपण मारलं की आपल्याला मारलं, तेही कळेना. सुरुंग लागला तेव्हा मागच्या खोलीत पाणी शिरलं आणि मधलं दार बंद करायचा हुकूम आला. ते मी बंद केलं. पलीकडे माझा जोडीदार होता. तो दार वाजवत होता. मग वाजायचं थांबलं.

घरी यायची छातीच झाली नाही. तू विचारलं असतंस, बरे आहात ना? बोट काही विचारत नाही. तिच्या लोखंडाला डोकं टेकून रडलो मी.

कारखान्यातली जागा अजून भरलेली नाही. आज अर्ज दिला. पण जोडीदाराच्या जागी आलेला माणूस नवखा आहे, त्याचा हात बसेपर्यंत एक खेप जावंच लागेल. बोट दुरुस्त झालीय, उद्या निघतो.

तुझा

९ मे

प्रिय बॉयलरसाहेब,

सा. न. वि. वि. पत्र ताईंकडून मिळालं. सासूबाईंना एवढंच सांगितलं की तिकडे हवा छान आहे. बघा, तुमचा रिवाज मलाही लागला.

पण माझं जळणं थांबलं असं समजू नका. आतापर्यंत तिच्या डौलाचा हेवा होता, तो परवडला. तुम्ही रडलात आणि तेही तिच्याजवळ! मी काय लोखंडापेक्षा कठीण होते का हो? हे वाचून काल मी अख्खी विजार उलटी शिवली.

तुमच्या जोडीदाराच्या बायकोचा पत्ता ताईंकडून मागवलाय. रविवारी जाऊन येईन. दाराचं सांगणार नाही, ते तुम्ही आल्यावर दोघं ठरवू.

खेप पुरी करून या. आल्यावर मी काही विचारणार नाही, बरे आहात ना, हे तर नाहीच. पण यापुढे भ्यायचं असेल तर माझ्याजवळ भ्यायचं. तेवढा हक्क मी तिला देणार नाही.

लोभ आहे, भांडूनही आहे.

तुमचीच