अम्बरीनच्या नडग्या आणि माझा टेम्पो

महाड, रविवार

आदरणीय तौकीरभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमची आणि भाभींची तब्येत ठीक असेल, कुवेतची गरमी एव्हाना उतरली असेल, अशी उमेद आहे. इथे आम्ही मजेत. तुमची अम्बरीनही मजेत. (तिच्या पायांचं पुढे येतं. आधीच घाबरू नका, चहा संपवून वाचा.)

पोलीस भरतीसाठी धावायची परवानगी तुम्ही तिला दोन अटींवर दिलीत: एकटीने धावायचं नाही, आणि दुखापत झाली तर सगळं बंद. पहिली अट मी अशी काही पाळली की दुसरी लागू व्हायची वेळ आली. मासळी घेऊन मी रोज पहाटे पोलादपूरला निघतो, तेव्हा पुढे अम्बरीन आणि मागे दिवे लावून माझा टेम्पो, अशी आमची वरात हायवेच्या सर्व्हिस रोडवरून निघू लागली. काँक्रीट इतकं गुळगुळीत, पोरीच्या पायाखाली खड्डा नाही की दगड नाही, यापेक्षा चांगलं काय, असं मला वाटलं. ती जरा मंदावली की मी हॉर्न द्यायचो. (प्रोत्साहन म्हणून.)

थोड्याच दिवसांत ती जिना उतरताना कठडा धरू लागली. माझ्या बेगमने, कमरजहाँने, गरम तेलाने तिच्या नडग्या रगडल्या. पोरीने मुकाट्याने रगडून घेतल्या आणि सकाळी पुन्हा धावली. तक्रार केली तर अब्बांची दुसरी अट आडवी येईल, ही भीती. शेवटी मीच तिला फिजिओथेरपी करणाऱ्या श्रुतिका मॅडमकडे नेलं. त्यांनी नडगीच्या हाडाची आतली कड वरून खालपर्यंत दाबून पाहिली. एकाच जागी कळ आली असती तर हाडाला चीर असल्याची शंका, मग एक्स-रे. हिची सबंध कडच दुखत होती. याला शिन स्प्लिंट म्हणतात. पायांना सवय व्हायच्या आत कडक जमिनीवर फार धावलं की होतं. ही धावते कुठे, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने टेम्पोचं सांगितलं. त्यांनी लगेच कागद ओढून यादीच लिहून दिली.

धावणं बंद, रगडणं बंद, फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा. बर्फाला आपल्याकडे काय तोटा! पण तो पापलेटच्या पेटीतला, त्यामुळे गल्लीतली सगळी मांजरं तिच्या पायाशी येऊन बसायची.

खरं कौतुक पुढेच आहे, भाई. मैत्रिणी धावायला निघाल्या की ही ओट्यावर उभी राहून टाचा उचलायची, पोटऱ्या ताणायची, मग सायकल काढायची. पण चोरून एकदाही धावली नाही. मला तर मॅडमनी सांगितलं असतं तरी चहातली साखर सुटली नसती.

मग मऊ जमिनीवर थोडं थोडं धावायला मॅडमनी सांगितलं. नाते गावात आपल्या भरतचं भात कापून मोकळं झालेलं शेत होतं. मी पहिल्या अटीला जागून टेम्पो शेतात घातला. चाकं रुतली. भरतने ट्रॅक्टर आणेपर्यंत गावातल्या बायकांनी अर्धे बांगडे तिथेच विकत घेतले. अम्बरीन हसत परत आली आणि म्हणाली, "चाचा, तुमी मासळी विका. मी हाय ना, कुठं हरवनार नाय." आणि एकटीच पळाली. मी बांधावर उभा राहून बघत राहिलो. पोर काय सुंदर धावते, भाई! टेम्पोत बसून इतके दिवस मला फक्त तिची पाठ दिसत होती.

तुमचा धाकटा,
युसुफ

ता. क. – तिकडून कोणी येणार असेल तर धावायच्या बुटांचे दोन जोड पाठवा. दुसरा कमरजहाँसाठी. अट म्हणजे अट, टेम्पो जात नाही तिथे मी जाते, असं म्हणून ती आता अम्बरीनच्या मागे धावते. (हळूहळू वाढवा, असं मॅडमनी तिलाही सांगितलंय. ती ऐकत नाही. बर्फ तयार ठेवलाय.)

ता. क. २ – मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. दुसरी अट मोडा, असं मी धाकट्याने सांगायचं नाही. एवढंच करा, तिचा फोन आला की पाय कसे आहेत ते विचारू नका. आठशे मीटरला वेळ किती लागतो, ते विचारा. ती केव्हाची सांगायला थांबली आहे.