यासुएच्या यंत्राचे खिळे

प्रिय गेन्जिरो,

तुझं निमंत्रण पोचलं. पाकीट इतकं जाड होतं की मला वाटलं, कोर्टाचा कागद आला. म्हणून ते बरेच दिवस देवघराजवळ तसंच ठेवलं होतं. शेवटी शेजारच्या बाईंसमोर उघडलं, म्हणजे काही वाईट असलं तर निदान कोणीतरी जवळ असावं. आत निघालं तुमचं सोनेरी कार्ड, आणि त्याच्यामागोमाग वेगळ्या खोक्यातून आला तुझ्या क्योकुसेई कंपनीचा पन्नास वर्षांचा इतिहास. केवढं ते पुस्तक! रेशमी फीत काय, चकचकीत फोटो काय! माझ्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड फुटला होता, त्याची सोय झाली. मुळ्याला आता छान दाब बसतो.

समारंभात मी चार शब्द बोलावेत म्हणतोस. आणि पत्राच्या तळाशी, सहज आठवल्यासारखं, माझी कोपऱ्यावरची जागा मागतोस. शेजारचं बंद पडलेलं थिएटर तू घेतलंस, तिथे पाचिंकोचा मोठा हॉल उभा करणार, आणि येणाऱ्यांच्या गाड्या लावायला यासुएचं केस कापायचं दुकान पाडणार. म्हणजे माझ्या बायकोचं, तुझ्याच धाकट्या बहिणीचं दुकान. या दोन्हींचं उत्तर शेवटी देतो. आधी थोडं बोलू दे. फोनवर बोललो असतो, पण तुझ्या फोनवर पहिल्यांदा सेक्रेटरी येते, मग संगीत लागतं, आणि तेवढ्यात मी काय बोलणार होतो ते विसरतो.

तुझ्या इतिहासाचं पहिलं प्रकरण आहे ‘दोन तरुणांचं स्वप्न’. गेन्जिरो, स्वप्न कसलं रे? आपल्याला भूक लागली होती. सेतोमधल्या त्या कपबशांच्या भट्टीमागच्या शेडमध्ये मी पाचिंकोच्या यंत्रांचे, छर्रे ज्यांच्यावर आपटत खाली येतात ते पितळेचे खिळे प्लायवूडवर ठोकत होतो आणि तू बाजूला उभा राहून बोलत होतास. पन्नास वर्षं तू तेच केलंस, फक्त शेड मोठी होत गेली. हातगाडीवरून यंत्रं नेताना चढावर मी ढकलायचो आणि तू पुढे जाऊन गिऱ्हाइकाला नमस्कार करायचास. फोटोत मात्र गाडीचा दांडा तुझ्या हातात आहे.

मग कॉफीच्या दुकानांतली ती व्हिडिओ खेळांची टेबलं आली, काचेखाली आकाशातली जहाजं पाडायची. इतिहास म्हणतो, ‘कंपनीने मुलांच्या कल्पनाशक्तीला पंख दिले.’ मी पाहिलेल्या मुलांना पंखबिंख काही नव्हते. त्यांची पाठ वाकली होती आणि सकाळचा टोस्ट बशीत वाळत होता. मग खेळणी उचलणारे पंजे आले, जे नेमके उचलायच्या वेळी ढिले पडतात. मग आकडे फिरवणारी यंत्रं, दिवे, किंकाळ्या, नाचणाऱ्या बाहुल्या. मग साहेबांना परदेशात कॅसिनो काढायची हौस आली. त्याच्यावर अर्धं पान आहे, ‘मौल्यवान अनुभव’ नावाचं. म्हणजे बुडाला. सरळ लिहायला काय झालं होतं?

आणि एवढ्या सगळ्या पानांत ‘जुगार’ हा शब्द एकदाही नाही. करमणूक आहे, आनंद आहे, समाजसेवासुद्धा आहे. जिंकलेल्या छर्ऱ्यांवर बक्षीस मिळतं, ते बक्षीस घेऊन माणूस मागच्या गल्लीतल्या भोकाएवढ्या खिडकीशी जातो, आतून एक हात बाहेर येतो, बक्षीस घेतो आणि नोटा देतो. ती खिडकी हॉलची नाही, तो हात कोणाचाच नाही, आणि पोलिसाला ती गल्ली दिसत नाही. तुझ्या पुस्तकातही ती गल्ली नाही.

तुझ्या ऑफिसातली कुसाका म्हणून मुलगी माझ्या ‘आठवणी’ घ्यायला केक घेऊन आली होती. पोरगी चांगली आहे, मोजेही नीट जोडीचे होते. मला विचारते, “आजोबा, तुम्ही कंपनी का सोडलीत? कला म्हणून काही वेगळं करायचं होतं का?” म्हटलं, “कला कसली पोरी, कपांना कान चिकटवायच्या कारखान्यात गेलो मी.” ती म्हणे, “मग ‘नव्या क्षितिजाच्या शोधात’ असं लिहू का?” मी म्हटलं, “कानाच्या शोधात लिही.” ती हसली, मग घाबरली, मग वाकून वाकून माफी मागत बसली. शेवटी मीच तिला तिचाच केक कापून दिला.

खरं कारण तुला ठाऊक आहे. हॉल नवा उघडला की तू सांगायचास, “खिळे मोकळे कर.” दोन खिळ्यांमधल्या फटीत केसाएवढा फरक, पण छर्रे धो धो भोकात जायचे. बायाबापड्या पिशव्या भरून घरी जायच्या. चार दिवसांनी यायचास आणि हळूच म्हणायचास, “आता आवळ.” मी हातोडी घेऊन आवळायचो आणि सकाळी दारातून बघायचो. त्याच बाया, त्याच खुर्च्या, आणि चेहऱ्यावर ‘काल तर लागत होतं’ असलं काहीतरी. मला झोप लागेना. तू म्हणालास, “तुझं पोट बिघडलंय.” यासुए म्हणाली, “दादाकडे नको जाऊस तू, आपण दुकानावर भागवू.” म्हणून मी कंपनी सोडली.

आता यासुएबद्दल लिहितो. तिला जाऊन तीन वर्षं होतील. आपण तिच्याबद्दल बोललोच नाही. तू फुलं पाठवलीस, मी आभाराचं पत्र पाठवलं, झालं. लोकांचे केस कापणं गुडघ्यांना झेपेना तसं तिने दुकान बंद केलं आणि दुपारी बाहेर जायला लागली. मला सांगायची, महिला मंडळात कागदाची फुलं शिकवतात. फुलं कधी घरी आली नाहीत. साबण यायचे, चॉकलेटं यायची. मी म्हणायचो, “मंडळ फारच श्रीमंत दिसतंय.” ती म्हणायची, “खा गुपचूप.” ती तुझ्या स्टेशनजवळच्या हॉलमध्ये बसते हे मला त्या दिवशी कळलं, हॉलच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा.

ती खुर्चीत कलंडली होती आणि कुणाला कळलं नव्हतं. ती त्या दिवशी जिंकत होती. हॉलच्या पोरांनी छर्ऱ्यांनी भरलेली खोकी तिच्या मागे रचली होती, एकावर एक, तिच्या खांद्याएवढी. वाटेवरून जाणाऱ्याला ती दिसतच नव्हती. शेजारचा माणूस आपल्या यंत्रातून मान वळवेल तर ना! डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर. पण मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे, आणि ती तर आधीच थंड पडली होती. मॅनेजर मला दारात म्हणाला, “आजोबा, खोक्यांचं बक्षीस कुणाच्या नावे द्यायचं?” त्याची चूक नाही. तुझ्याकडे त्यांना तेवढंच शिकवतात.

मी इतके दिवस हे नशीब समजत होतो. पण गेल्या ओबोनला, पितरांच्या सणाला, तुझा तो खिळेवाला इवासे घरी आला, उदबत्ती लावायला म्हणून. लावली, आणि उठेचना. मी घाबरलो, म्हटलं याचंही काही होतंय की काय. तो मान खाली घालून म्हणाला, “बाई बसायच्या त्या कोपऱ्यातल्या यंत्राचे खिळे मी कायम मोकळे ठेवायचो. साहेबांचा हुकूम होता. म्हणाले, यासुए माझ्याकडून सरळ पैसे घ्यायची नाही. हे असं गेलं तर तिला कळणार नाही.” मी विचारलं, “आणि तिला कळलं नाही?” तो म्हणाला, “त्या म्हणायच्या, माझा हात चांगला आहे.”

गेन्जिरो, मी तुझ्यावर थुंकलो असतो. मग वाटलं, या माणसाला बहिणीवर माया करायचीसुद्धा दुसरी रीत येत नाही. एक पाकीट घेऊन दुकानात यायचं होतंस. तिने ते तुझ्या तोंडावर फेकलं असतं, चहा केला असता, आणि मग कदाचित घेतलंही असतं. तू खिळे वाकवलेस. हरली असती तर ती चार दिवसांत उठून घरी आली असती. ती जिंकत होती, म्हणून बसून राहिली.

आता तुझी उत्तरं. समारंभाला मी येणार नाही. कोपऱ्यावरची जागा मी हिराता नावाच्या डॉक्टरीणबाईंना दिली आहे. बाहेर पत्रे लावलेले बघून तुझ्या माणसांनी विचारलं होतं, मी सांगितलं, छप्पर गळतंय. आत दवाखाना झाला आहे, रुग्णांना ठेवून घेता येईल असा, खाटांसकट, आणि त्याचा परवाना मागच्या आठवड्यात हातात पडला. असल्या दवाखान्याला किंवा मुलांच्या बागेला लागून पाचिंकोचा हॉल काढू देत नाहीत, हे तुला मी काय सांगू? तुझ्या ओकाझाकीच्या हॉलसमोर दुसऱ्या कंपनीचा हॉल येणार होता, तेव्हा तू घाईघाईने त्यांच्या शेजारचा जमिनीचा तुकडा मुलांच्या बागेसाठी गावाला दान केलास आणि त्यांना पळवून लावलंस. तुझ्याच हाताखाली शिकलो मी. मी गप्प राहिलो असतो तर हॉलच्या परवान्याचा तुझा अर्ज तपासणीच्या दिवशी सगळ्यांसमोर परत आला असता, आणि खरं सांगतो, मला ते बघायची फार हौस होती. पण यासुए तुला दादा म्हणायची. म्हणून हे पत्र. अर्ज आधीच मागे घे, म्हणावं, विचार बदलला. दवाखाना पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडतो आहे. हॉल उघडताना पाठवता तसली कागदी फुलांची तबकं पाठवू नकोस, त्यांच्या धुळीने डॉक्टरीणबाईंना शिंका येतात. तू ये. मोटार लांब ठेव आणि चालत ये, इथे गाड्या लावायला जागा नाही.

तुझाच, तुझ्यावर रागावलेला,
तोकुसाबुरो