भाडेकरू परीक्षक पी. कन्हानकर

रविवार, ७ सप्टेंबर
झालं एकदाचं! सोसायटीच्या कमिटीत माझी निवड. खातं: भाडेकरू निवड. चेअरमन बक्षीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले की कन्हानकरांसारखा पारखी माणूस अख्ख्या धरमपेठेत सापडणार नाही. ऊर भरून आला. चार वर्षांपूर्वी इथे फ्लॅट घेतानाच आडनाव बदललं, त्याचं चीज झालं. आपण कोण, हे इथे कुणाला कळलेलं नाही.

मग चहा. सगळ्यांना कपबशी, मला एकट्याला कागदी ग्लास. दर वेळी. बक्षीसाहेब माझ्या तब्येतीला फार जपतात.

बायकोला सांगितलं. गोपिका म्हणाली, "आपल्या कन्हान गावात एक तरी कन्हानकर हाय का जी?" दुर्लक्ष केलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी ६.१०, मौद्याच्या वीज प्रकल्पाची बस
प्लांटला पोचेपर्यंत माझी पद्धत तयार. आजवर कमिटी आडनाव विचारायची. मागासलेला प्रकार. आडनावं काय, बदलता येतात! मी एकच प्रश्न विचारणार: दसऱ्याला तुमच्याकडे काय असतं? सोनं वाटतो म्हणाला, पास. दीक्षाभूमीला जातो म्हणाला, की "कळवतो" म्हणून उठायचं. नम्रपणे.

मी जातीयवादी मुळीच नाही. पण आपला एक आला की मागून चार येतात, आणि मग लोक माझ्याकडेही निरखून बघायला लागतात. शांत माणसाला उगाच त्रास.

मी स्वतः दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, ती गोष्ट वेगळी. मी हेल्मेट घालून जातो. शेवटपर्यंत काढत नाही. त्यामुळे ते गेल्यात धरता येत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
दोन मुलाखती. दोघांनाही "कळवतो". बक्षीसाहेबांनी खुश होऊन माझ्या पाठीवर थाप द्यायला हात उचलला, आणि मध्येच थांबवून लांबूनच नमस्कार केला. किती मान देतात!

शनिवार, २० सप्टेंबर
आज घोळ झाला. उमेदवार प्रशिक. कॉलेजात शिकवतो. नाव वाचूनच ओळखलं. सिंधूताईचा मुलगा.

सिंधूताई कन्हानात आमच्या शेजारी राहायची. माझ्या बारावीला आमच्या घरी लाईट नव्हती. वर्षभर तिच्या बल्बखाली अभ्यास केला. आधी ताट वाढायची, जेवल्याशिवाय पुस्तक उघडू द्यायची नाही. आज वीज प्रकल्पात इंजिनियर आहे तो त्या बल्बच्या जोरावर. हे खरं आहे, लिहायला काय हरकत आहे.

पोराने आल्या आल्या विचारलं, "प्रेमानंददादा ना? आईजवळ फोटो हाय तुमचा." शेजारी बक्षीसाहेब. मी म्हणालो, आपला काहीतरी गैरसमज होतोय. मग घसा साफ करून प्रश्न विचारला. दसऱ्याला काय असतं? तो म्हणाला, दीक्षाभूमीला आई भोजनदानाच्या स्टॉलवर वाढते, मी पाणी देतो.

"कळवतो."

नकाराच्या कागदावर सही केली. पेन चालत नव्हतं, तीनदा गिरवावी लागली.

निश्चय: त्याला दुसरीकडे फ्लॅट शोधून द्यायचा. उद्याच.

गुरुवार, २५ सप्टेंबर
फ्लॅट शोधायचा राहिला. प्लांटमध्ये कामं फार. शिवाय लेक्चरर माणूस, त्याला काय कुठेही मिळेल. गोपिकेला सगळं कळलंय. भाजी वाढते आणि आपलं ताट घेऊन आत जाते.

सोमवार, २९ सप्टेंबर
प्रशिकने सोसायटीविरुद्ध तक्रार केली. तातडीची मीटिंग. मी निर्धास्त होतो, बक्षीसाहेबांसारखा माणूस पाठीशी.

त्यांनी तयार केलेलं उत्तर वाचून दाखवलं. नकाराचा निर्णय सर्वस्वी श्री. प्रेमानंद यांचा असून त्यावर त्यांचीच सही आहे. ते स्वतः त्याच समाजाचे असल्यामुळे भेदभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. कंसात माझं जुनं आडनाव. एका अक्षराचीही चूक नाही.

कसंबसं विचारलं, तुम्हाला कधी कळलं? बक्षीसाहेब हसून म्हणाले, "अहो, तुम्ही राहायला आलात त्याच दिवशी. म्हणून तर तुम्हाला कमिटीत घेतलं." बाकीचेही हसले. मीही हसलो. का, ते माहीत नाही.

चहा आला. कागदी ग्लास. बाणेदारपणे नाकारला. म्हणजे अर्धा टाकला.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
गोपिका सकाळीच एकटी निघून गेली. मी पक्का निश्चय करून निघालो: सिंधूताईला गाठायचं, पायावर डोकं ठेवायचं, चुकलो म्हणायचं. सही मागे घेतल्याचं पत्र लिहून खिशात ठेवलं. गेटवर बक्षीसाहेब. म्हणाले, "आज उशीर झाला निघायला? दरवर्षी तर आठलाच जाता हेल्मेट घालून."

दीक्षाभूमीला स्टॉल सापडला. रांगेत उभा राहिलो. सिंधूताई वाढत होती. प्रशिकने पाण्याचा ग्लास भरून दिला. स्टीलचा ग्लास, सगळ्यांना होता तोच. मी ताट पुढे केलं. तिने भात वाढला, वरण वाढलं आणि वर न बघताच म्हणाली, "हेल्मेट काढ ना गा प्रेम्या. जेवशीन कसा?"

सगळं पाठ केलेलं विसरलो. म्हणालो, पट्टा अडकला आहे, निघत नाही.

पट्टा मी लावलाच नव्हता.