क्लोरीनने जळलेला पडदा

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. माझ्या खटल्यात साक्षीला येशील ना, एवढंच विचारलंस आणि खाली लिहिलंस की त्या कारखान्यात तुझ्याशिवाय माझं कोण आहे. त्यानंतर तुझे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा मी विषय आईच्या गुडघेदुखीवर नेला. आज रजा टाकून लिहायला बसले आहे.

आधी इथली खबरबात. अत्तरसाहेब होते तसेच आहेत. सांडपाण्याचा वास सहन होत नाही म्हणून अर्धी बाटली अंगावर ओतून येतात. साहेबांआधी त्यांचा वास पोचतो आणि माणसं कामाचं सोंग सुरू करतात. इतकी वर्षं पाणी-विभागाचे व्यवस्थापक आहेत, पण मळकं पाणी कुठल्या पाइपातून जातं आणि स्वच्छ कुठल्यातून, हे अजून बाण बघून सांगतात. मध्यंतरी रंगाऱ्याने पाइप रंगवताना बाण पुसले, तर बिचारे दोन दिवस केबिनबाहेर पडले नाहीत. परवा पुन्हा सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट बघायला पाहुणे आले. 'कापड रंगवलेल्या पाण्याचा एक थेंबही आम्ही बाहेर सोडत नाही,' असं म्हणून साहेबांनी शुद्ध केलेल्या पाण्याचा म्हणून एक पेला वर धरला आणि घटाघटा प्यायले. टाळ्या पडल्या. त्या पेल्यात कँटीनमधलं बाटलीचं पाणी असतं. तीन वर्षं तो पेला मीच भरते आहे.

या माणसाची मला किळस येते, हे तुला ठाऊक आहे. पण त्याच्यासमोर मान डोलावणाऱ्यांची त्याहून जास्त येते. आमचा भांडारप्रमुख बघ. साहेब 'पाणी काळं आहे' म्हणाले, तर हा 'शाईच जणू' म्हणेल. तासाभराने साहेब 'स्वच्छ आहे' म्हणाले, तर हाच ओंजळ पुढे करेल.

प्लँट खरा चालवायचास तू. घाण खाणाऱ्या जंतूंच्या टाकीत हवा कमी पडली तर तुला फेसावरून कळायचं. पंपावर तळहात ठेवून प्रेशर सांगायचास आणि मीटरचा आकडा फार तर किंचित इकडे-तिकडे निघायचा. पुढे पाणी गाळणाऱ्या आरओच्या नळ्या. त्यांच्या पोटात गुंडाळलेला तो पातळ पडदा नव्या माणसांना समजावताना तू म्हणायचास, 'हा मीठ अडवतो, रंग अडवतो, पण क्लोरीनपुढे याचं काही चालत नाही. क्लोरीन इथवर पोचू द्यायचा नाही, बस.' एवढं सोपं होतं.

मग ती पाहुण्यांची पहिली भेट ठरली. टाक्यांना कुबट वास येतो म्हणून साहेबांनी क्लोरीन दुप्पट करायला लावला आणि नेमकी तेव्हाच क्लोरीन मारणारी पावडर भांडारात संपली होती, नवी यायला पाच दिवस होते. तू प्लँट बंद करायला निघालास. साहेब म्हणाले, 'पाच दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?' तू म्हणालास, 'लेखी द्या.' ते हसले आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला तू भुललास, धाकट्या. तेव्हा मला तुझाही राग आला होता.

तीन आठवड्यांत पडद्यातून मीठ आणि रंग झिरपायला लागला आणि तेच पाणी पुन्हा धुण्याला वापरल्यामुळे पांढऱ्याशुभ्र कापडाचा अख्खा लॉट गुलाबी डागांनी भरला. चौकशीत ठरलं की एक दिवस तू पावडरीचा पंप सुरू करायला विसरलास. निष्काळजीपणा. तुला काढलं.

आता नवीन बातमी. तुझ्यानंतर बसवलेले पडदेही तसेच गेले. या वेळी पडदे पुरवणाऱ्या कंपनीने आपली माणसं पाठवली. त्यांनी आमच्याच टेबलावर नळी कापली, पडदा चादरीसारखा उलगडला आणि त्यावर रंग सोडला. शाबूत पडद्यावर रंग टिकत नाही, धुतला की जातो. हा मात्र सगळीकडे जांभळा झाला. मग त्यांनी भंगाराच्या शेडमधून तुझ्या वेळची एक नळी काढून आणली. तोच जांभळा रंग. एका दिवसाच्या विसरण्याने इतकं होत नाही, हा कित्येक दिवसांचा क्लोरीन आहे, असं त्यांनी लिहून दिलं. साहेब तिथेच उभे होते. अंगावर एवढं अत्तर असूनही नाकाला रुमाल लावून. तुझ्या वकिलाने तो अहवाल कोर्टातर्फे मागवला आहे. त्याच्यासोबत जुन्या चौकशीचे सगळे कागद येत्या आठवड्यात तुझ्या हाती पडतील.

म्हणून हे पत्र. चौकशी समितीत साहेब आणि भांडारप्रमुख होते, हे तुला माहीत आहे. तिसरी मी होते. त्या पाच दिवसांचे क्लोरीनचे आकडे प्रयोगशाळेतल्या माझ्याच रजिस्टरमध्ये होते. मी ते पान फाडलं, नवीन लिहिलं, चार दिवसांपुढे शून्य मांडलं आणि एका दिवसापुढे खरा आकडा ठेवला, म्हणजे तू विसरलास असं दिसावं. मला कुणी धमकावलं नव्हतं. प्रयोगशाळाप्रमुखाची जागा रिकामी होती आणि साहेबांनी फक्त तिचा विषय काढला होता. तू सामान बांधत होतास तेव्हा तुला डबा भरून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसले. काल कामगार कोर्टात जाऊन हे सगळं सहीनिशी लिहून दिलं. फाडलेलं पान माझ्याकडे नाही, फक्त माझा शब्द आहे आणि त्याची किंमत काय हे आता तूच ठरव. सुनावणीला मी येईन. माझ्या शेजारी बसू नकोस. आईला मात्र तू सांगू नकोस, ते मलाच सांगू दे.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

ताई