डिझेलच्या चिठ्ठीचं नेटवर्किंग

२१ जुलै २००३, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची कुठेतरी नोंद असावी.
आमच्या मच्छीमार सोसायटीत नेटवर्किंग पूर्ण! तीन नवे कॉम्प्युटर, विंडोज एक्सपी, तिघांत मिळून एक प्रिंटर. कल्पना माझी, वायर मी ओढली. प्रिंटर चेअरमन सत्यवानदादांच्या केबिनमध्ये, काचेआड. ऑफिसला शोभा आली. जुना कॉम्प्युटर कट्टा गावच्या भंगारवाल्याला दिला. मागे वळून बघायचं नाही.
डिझेलच्या चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम मात्र जुनाच, डॉसचा. तो करून देणारे कोल्हापूरचे गृहस्थ हल्ली फोन उचलत नाहीत. हरकत नाही.
चिठ्ठी नसेल तर पंपावर डिझेल नाही, डिझेल नसेल तर होडी नाही. दादा म्हणाले, नारळी पौर्णिमेला होड्या सुटतात, त्या दिवशी चिठ्ठ्या सुरळीत निघाल्या तर तुला कायम करतो. म्हणजे झालोच की. आईला सांगितलं. तिने सुकी मासळी विकता विकता अख्ख्या बाजाराला सांगितलं.

२२ जुलै
चाचणी. जुन्या मशीनवर बटण दाबलं की लगेच करकर सुरू व्हायची. आज बटण दाबलं, चहा मागवला, चहा आला. चिठ्ठी नाही. चहा पिऊन कप परत दिला, तेव्हा आली. मशीन नवं आहे, रुळेल.

२५ जुलै
रुळलं नाही. बटण दाबत राहिलो तर चिठ्ठी येतच नाही. दाबून दाबून बोट दुखलं.
नितेशला फोन केला. कणकवलीला माझ्याबरोबर कोर्सला होता, आता तिथे त्याचं दुकान आहे. म्हणे, डॉस प्रोग्रॅमची छपाई एक्सपी धरून ठेवतं. आणखी काही येत नाही याची खात्री झाली की मग प्रिंटरकडे सोडतं. एकदा बटण दाब आणि गप बस, पुन्हा हात लावलास की त्याचं थांबणं पहिल्यापासून. थांबायची मुदत सेटिंगमध्ये कमी करता येते, येऊन करून देतो.
नको म्हटलं. कोर्सला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. आणि गपच बसायचं तर ऑपरेटर कशाला हवा?

२९ जुलै
सेटिंग मीच शोधलं! मुदतीचा आकडा सापडला. चांगला मोठा करून टाकला. कुणाला घाई केली की कामं बिघडतात. ऐसपैस वेळ मिळाला की प्रिंटर खुशीने छापेल.

२ ऑगस्ट
खुशीने छापत नाही. आता चहाच काय, जेवण झालं तरी चिठ्ठी येत नाही.
बाबलीकाका डोकावून गेले. आमच्या वाडीतले जुने तांडेल, होडीवर हुकूम त्यांचा, वाडीतर्फे देवाला गाऱ्हाणंही तेच घालतात. खिडकीत बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले, "मेल्या, तुझो कागद येयसर भरती जावन सुकती लागतली." अशिक्षित माणूस. मनावर घेतलं नाही. रात्री थोडं घेतलं.

४ ऑगस्ट
दादा म्हणाले, प्रिंटर उचलून तुझ्या टेबलावर ठेव आणि पूर्वीसारखी केबल लाव. फार वाईट वाटलं. नेटवर्किंगची कुणाला किंमतच नाही.
केबल जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली, हे बोललो नाही.

७ ऑगस्ट
कट्ट्याला जाऊन आलो. भंगारवाल्याने त्या केबलने दुकानाची ताडपत्री बांधली आहे. सोड म्हटलं तर म्हणाला, पावसाळो संपांदे. गाठ पक्की होती. परत आलो.

११ ऑगस्ट
उद्या पौर्णिमा. आईने माझ्यासाठी नवा शर्ट घेतला. मला भीती वाटते आहे. हे फक्त इथे लिहितो.
तरीपण उद्या होणार. यंत्राला वेळप्रसंग कळतो.

१२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, दुपार
सकाळी दर्याला नारळ दिला. मग सगळे तांडेल खिडकीशी. मागे आई, मला कायम होताना बघायला.
पहिली चिठ्ठी बाबलीकाकांची. बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. रांग वाढली, भरती टळायला आली. घामाने नवा शर्ट पाठीला चिकटला. कोणीतरी म्हणालं, मशिनीक नजर लागली. झालं! काकांनी उरलेला नारळ उचलला, केबिनमध्ये जाऊन प्रिंटरवर ठेवला आणि सगळ्यांना आत बोलावलं. मलाही. म्हणाले, "हात काढ थंयसून, हात जोड."
जोडले. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि ते संपेचना. वाडीच्या सगळ्या देवांची नावं घेतली, सगळ्या होड्यांची घेतली.
"होड्यांका बरकत दी रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ह्या मशिनीत काय वाकडा बसला आसात, ता भायर काढ रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि ह्या आमच्या काशीबायच्या सुशांताक कणकवलेक, नायतर मुंबैक, खंय तरी दुसरीकडे बरी नोकरी लाव रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
एवढा मोठा आवाज आधी झाला नव्हता. आईचा सगळ्यांच्या वर. सवयीने मीही म्हणालो.
आणि प्रिंटर सुरू झाला. नारळ गडगडत खाली पडला. बाबलीकाकांची चिठ्ठी, मागून पुन्हा तीच, मागून पुन्हा तीच. काकांनी प्रिंटरला नमस्कार केला. म्हणाले, "आयकल्यान रे! म्हाराजान आयकल्यान!"
देवानेच कौल दिल्यावर दादा तरी काय करणार. उद्यापासून येऊ नको म्हणाले. चिठ्ठ्या ते हाताने लिहिताहेत, होड्या सुटताहेत.

संध्याकाळ
नितेशला दुकानात माणूस हवा असेल. फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा.